दोन इसाला दोन कमी

"उजगरे शिस्टर, बारा लंबरची बाई नवऱ्याला कायतरी चारतीया. सोताच्या डोळ्यानं बघितलं म्या," आमच्या वॉर्डातली आया हौसाबाई माझ्या कानाशी लागून पुटपुटली आणि हातातलं बेडपॅन घेऊन मोरीकडे निघूनही गेली.

मी औषधांच्या ट्रॉलीवर वाकून कामात असल्याचं सोंग केलं आणि तिरक्या नजरेनं बारा नंबरकडे पाहिलं. कोंडाबाई कॉटला खेटून स्टुलावर बसली होती. डावा हात नवऱ्याच्या चादरीवर, छातीपाशी. उजवा हात पदराखाली. त्या पदराखाली तिची बोटं सारखी हलत होती, चिमटीत काहीतरी धरून इकडचं तिकडे करत होती. मी बघतेय हे लक्षात येताच तिनं दोन्ही हात चटकन मांडीवर घेतले आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. झालं, माझी खात्रीच पटली.

ही चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलमधली गोष्ट. सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावात ट्रस्टचं इस्पितळ होतं, तिथल्या पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात मी स्टाफ नर्स होते. वय सत्तावीस, नोकरीला पाच वर्षं झालेली, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचा तो काळ. बारा नंबरवर निवृत्ती चवरे नावाचा आचारी होता. लग्नाकार्यात पाचशे पानांचा स्वयंपाक एकट्यानं उठवायचा म्हणे. ऐन लग्नसराईत त्याचा हर्निया अडकला. पोट उघडलं तेव्हा आतड्याचा वीतभर तुकडा काळा पडलेला निघाला. आमचे सर्जन डॉक्टर निंबर्गी यांनी तो कापून काढला आणि दोन्ही टोकं जोडली. त्याला आज पाचवा दिवस होता. नाकात नळी, हाताला सलाईन आणि उशाशी माझ्याच अक्षरातली पाटी: 'तोंडाने काहीही देऊ नये.'

पाटीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. महिनाभरापूर्वी चार नंबरच्या पेशंटला त्याच्या सख्ख्या भावानं दूधभाकरीचा काला चारला होता. उपाशीपोटी माणूस बरा कसा होईल, हे त्याचं म्हणणं. तो पेशंट आमच्या हातचा गेला. तेव्हापासून मी नातेवाइकांच्या पिशव्या उलट्या करायला लागले. वॉर्डात मला मागून फौजदारीण म्हणायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मी बारा नंबरपाशी गेले. "मावशी, पिशवी दाखवा."

तिनं पिशवी पुढे केली. लुगडं, फणी, घोंगडीचा तुकडा, रिकामा तांब्या. मी तांब्याचा वास घेतला. पाणीच होतं.

"आणि पदराखाली काय आहे?"

"काय न्हाय बाई."

"खरं सांगा. यांना काही दिलंत का? घोटभर पेज, चहा, अंगारा घातलेलं पाणी? एक घोटसुद्धा यांच्या जिवावर बेतेल."

"माज्या कुकवाची आन, थेंब दिला न्हाय. पर शिस्टर, ह्येंचा दम..."

"दम तुम्ही धरा आधी. आणि सारखा अंगाला हात लावू नका त्यांच्या. स्टूल मागे घ्या. अजून मागे."

ती उठली, स्टूल हातभर मागे ओढलं आणि बसली. रागावली नाही. नुसती बघत राहिली. त्या बाईचं ते बघणं मला दोन दिवस खुपत होतं. मी चार्ट लिहायला घेतला की ती आधी माझ्या हाताकडे बघायची, मग माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे, मग परत हाताकडे. ज्याच्या मनात पाप असतं तोच असा दुसऱ्याच्या हातावर डोळा ठेवतो, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

दहाच्या नोंदी मी तिच्या त्या नजरेखालीच केल्या. ताप नव्याण्णव पॉइंट आठ, नाडी एकशे बारा, श्वास वीस. नाडी जरा जास्त होती. पण पोटाला वीतभर टाके असलेल्या माणसाची नाडी जास्तच असायची. पोट मात्र कालच्यापेक्षा फुगलेलं दिसत होतं. नळीतून हिरवं पाणीही जास्त आलं होतं. तोंडावाटे काही जात नाही आणि पोट फुगतं, याचा हिशेब मी क्षणात लावला. जातंय. ही बाई घालतेय.

मी हौसाबाईला सांगून ठेवलं, "पाळत ठेव. रंगेहाथ पकडायचं."

"पकडतीच," ती म्हणाली. तिला असली कामं फार आवडायची.

बाराच्या सुमारास निवृत्ती चवरे बिथरला. आधी चादर ओढायला लागला, मग नाकातल्या नळीला हात घातला. सलाईनची सुई निसटता निसटता राहिली. "चुलीवर पातेलं ऱ्हायलंय, सोडा मला," असं काहीबाही बोलायला लागला. कपाळावर घाम. कोंडाबाईनं त्याचे दोन्ही हात धरून ठेवले होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

मी आमच्या निवासी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर कोरडे नुकतेच पास होऊन आलेले. हुशार, पण चार वॉर्ड एकट्यानं सांभाळून त्यांचा पार पिट्टा पडलेला. त्यांनी पेशंटकडे बघितलं, चार्टवरून नजर फिरवली.

"आचारी ना हा? पितो का?"

"विचारलं होतं सर. बायको नाही म्हणते."

"बायको नाहीच म्हणणार. हे लोक भट्टीपाशी रात्ररात्र उभे असतात, घेतल्याशिवाय होतं का? दारू तुटली की चार-पाच दिवसांनी असंच होतं." मग चार्टवर बोट ठेवून म्हणाले, "बीपी ठीक, ताप फारसा नाही, श्वास नॉर्मल. झोपेचं इंजेक्शन द्या शिरेतून. आणि हात बांधा, नळी काढली तर निंबर्गी सर मला फाडून खातील."

ऑर्डर लिहून ते कॅज्युअल्टीत पळाले. मला त्यांचं म्हणणं पटलं. पटलं म्हणजे काय, आवडलं. बाई खाण्याबद्दल खोटं बोलतेय, मग दारूबद्दलही बोलत असणारच. सगळं कसं एकाला एक जुळत होतं.

इंजेक्शन स्टोअरमधून यायला वेळ लागला. तेवढ्यात मी बाकीची कामं उरकली. दोनला ड्यूटी बदलायची, म्हणून टेबलाशी बसून सगळ्या चार्टांवर दोन वाजताचे जे रकाने भरण्यासारखे होते ते भरून टाकले. मग सिरिंजमध्ये औषध ओढलं, ट्रे उचलला, पट्ट्या खांद्यावर टाकल्या आणि निघाले. घड्याळात सव्वा वाजला होता.

हौसाबाई दारातच मला आडवी आली. "परत चाललंय बगा. बगा, बगा!"

खरंच चाललं होतं. नवरा जरा पडून राहिलेला पाहून कोंडाबाईनं स्टूल पुन्हा पुढे ओढलं होतं. डावा हात छातीवर, उजवा पदराखाली, बोटं चालू. या खेपेला फारच भराभर चालू होती. मी ट्रे तसाच हातात धरून पाय न वाजवता तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिले.

"दाखवा," मी म्हणाले.

ती दचकून उठली. माझ्या ट्रेतली सिरिंज तिला दिसली आणि ती माझ्या आणि कॉटच्या मधे उभी राहिली.

"सुई कशाची ती?"

"झोपेची. बाजूला व्हा."

"झोपवू नगा त्येस्नी. पाया पडते शिस्टर, झोपवू नगा."

"का? झोपले तर तुमचं काय बिघडतंय? पदरात काय आहे ते आधी दाखवा."

ती पदर सोडेना. मी ट्रे लॉकरवर ठेवला आणि तिच्या पदराला हात घातला. आजही ते आठवलं की लाज वाटते. बाईमाणसाच्या पदराला मी भरल्या वॉर्डात हात घातला. झटापटीत गाठ सुटली आणि फरशीवर दाणे सांडले. तुरीचे, कच्चे, लालसर. घरंगळत कॉटखाली गेले.

"हे चारता त्यांना? कच्ची तूर?" मी ओरडलेच.

आजूबाजूच्या कॉटवरचे पेशंट उठून बसले. कोंडाबाई मात्र माझ्याकडे न बघता खाली वाकली आणि एकेक दाणा वेचायला लागली. वेचता वेचताच बोलली.

"चारत न्हाय. मोजतीया."

"काय मोजताय?"

"ह्येंचा दम. एक दम, एक दाना. त्यो बारीक काटा एक फेर मारूस्तवर." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे हनुवटी उडवली. "मला इसाच्या म्होरं मोजता येत न्हाय. इसाची एक रास, मग दुसरी रास. परवा येक इसा भरत व्हता. काल सांच्याला इसावर सा. आज सकाळी दीड इसा. आन आत्ता..." तिनं मूठ उघडली. तळहातावर दाण्यांची एक रास होती, दुसरी फरशीवर सांडली होती. "आत्ता दोन इसाला दोन कमी. तुमी पाडलं त्ये."

माझ्या गावाकडेही म्हाताऱ्या विसाच्या हिशेबानंच मोजायच्या. दोन इसा म्हणजे चाळीस. दोन कमी, अडतीस.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण त्यातला फौजदार गेला होता.

"तुमीच की," ती म्हणाली. "आपरेशन करून आनलं तवा तुमी ह्येंच्या छातीवर हात ठिवून घड्याळाकडं बघत उभ्या व्हता. मी इचारलं, काय बघता? तर म्हनला, दम मोजते, इसाच्या आसपास असला म्हंजी मानूस बरा. इसरला व्हय?"

विसरले नव्हते. आत्ता आठवलं.

"त्या दिसानंतर कुनी बी मोजलं न्हाय. तुमी न्हाय, ती दुपारची न्हाय, ती रातची न्हाय. मी बसून बगत व्हते. नाडी धरत्यात, काचंची कांडी लावत्यात, आन कागदावर लिवत्यात. आकडं वळखता येत्यात मला. दोनावर पूज्य. रोजचं दोनावर पूज्य. म्हनलं, ह्या न मोजता कसं काय लिवत्यात? म्हून मग मी मोजलं."

मी खाली वाकले. निवृत्ती चवरेच्या छातीवर हात ठेवला आणि मनगट डोळ्यांसमोर धरलं. छाती माझ्या हाताखाली उथळ, घाईघाईनं हलत होती. तीस सेकंदांना एकोणीस झाले. दुप्पट करायचा मोह मी टाळला आणि उरलेली तीस सेकंदंही मोजली.

अडतीस.

मग मी ते पाहिलं, जे सकाळपासून माझ्यासमोर होतं. नाडी धरली, एकशे चोवीस. हाताची बोटं गार. लघवीची पिशवी उचलली, सकाळपासून तळ झाकण्याइतकीही भरली नव्हती. पोटावर अलगद बोटं टेकवली तर ते लाकडासारखं कडक, आणि त्या बडबडीतही माणूस कळवळला. हा दारूचा माणूस नव्हता. चोरून खाल्लेलाही नव्हता. याच्या पोटात जोडलेलं आतडं सुटत होतं. आणि सिरिंजमधलं ते औषध मी दिलं असतं तर त्याची बडबड थांबली असती, हातपाय शांत झाले असते, आणि दोन वाजता मी दुसऱ्या सिस्टरला 'बारा नंबर छान झोपलाय' असं सांगून घरी गेले असते.

मी हौसाबाईला कॅज्युअल्टीत पिटाळलं. डॉक्टर कोरडे तणतणतच आले.

"अजून दिलं नाही? ऑर्डर लिहिलीय ना सिस्टर?"

"लिहिली आहे सर. मी देणार नाही. श्वास अडतीस आहे. पोट कडक आहे. निंबर्गी सरांना बोलवायला हवं."

"सर थिएटरमध्ये आहेत, मधेच बोलवलं तर... आणि अडतीस कुठून आणलात? चार्टवर वीस आहे. हे बघा. दहाला वीस, सहाला वीस, काल रात्री वीस."

"चार्ट खोटा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीच मोजलेलं नाही. दहाचे वीस माझे आहेत. मी मोजले नव्हते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते अजून विसरले नाही. मग स्टेथोस्कोप कानाला लावला. पोटावर ठेवला, हलवला, पुन्हा ठेवला. कान काढले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "सिस्टर, सलाईन जोरात सोडा, ऑक्सिजन लावा," म्हणाले आणि स्वतःच थिएटरकडे धावले.

डॉक्टर निंबर्गी दहा मिनिटांत हिरव्या डगल्यातच आले. पेशंटला हात लावला आणि ऑपरेशनचं टेबल तयार करायला सांगितलं. मग चार्ट मागितला. मी दिला. त्यांची नजर शेवटच्या रकान्यावर थांबली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आत्ता एक पस्तीस झालेत," ते म्हणाले. "दोन वाजताचा श्वास इथं लिहिलाय. वीस. कोणी लिहिला?"

माझ्या मागे कोंडाबाई उभी होती. तिनं मुठीत दाणे घट्ट धरलेले होते. माझ्या जिभेवर तीन-चार उत्तरं येऊन गेली, त्यातलं एक दुपारच्या सिस्टरच्या नावाचंही होतं. ती अजून आलीही नव्हती.

"मी लिहिला सर."

त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. मी त्या वीसवर एक रेघ मारली, शेजारी अडतीस लिहिलं, एक वाजून वीस मिनिटं अशी वेळ घातली आणि सही केली. त्यांनी पेन परत घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

निवृत्ती चवरेला थिएटरमध्ये नेल्यावर मी घरी गेले नाही. टेबलाशी बसून वॉर्डातले सगळे चार्ट काढले. सोळा कॉटा, सोळा माणसं, सगळ्यांचा श्वास वीस. मांडी कापलेल्याचा वीस, अपेंडिक्सवाल्या कॉलेजकुमाराचा वीस, आणि तीन नंबरवरच्या म्हाताऱ्याचाही वीस, ज्याची दम्याची शिट्टी मला टेबलापर्यंत ऐकू येत होती. तीन पाळ्यांच्या सिस्टर्स, तीन तऱ्हांची अक्षरं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कट नव्हता. मला कुणीतरी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात म्हणालं होतं, "श्वास काय मोजत बसतेस, वीस टाक." मी टाकला. पाच वर्षं टाकत आले.

चार वाजता डॉक्टर निंबर्गी बाहेर आले. जोड सुटला होता, पोटात घाण झाली होती. धुऊन काढली, आतड्याचं तोंड तात्पुरतं पोटावर बाहेर काढून ठेवलं. "वेळेत सापडलं," एवढंच म्हणाले. कोंडाबाई पायरीवर बसली होती. मी तिला सांगायला गेले. सांगून झाल्यावर माफी मागायची होती. मी नुसती तिच्या शेजारी बसले. तिनं मला दूर सारलं नाही आणि जवळही घेतलं नाही.

मला मेमो मिळाला. तो मी घेतला, वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी हातातलं घड्याळ डोळ्यांसमोर धरून पूर्ण मिनिट मोजायला लागले. सोळा पेशंट, सोळा मिनिटं. बाकीच्या सिस्टर्स आधी हसल्या, मग चिडल्या, मग त्यांच्यातल्या दोघी मोजायला लागल्या. सगळ्या लागल्या असं म्हणणार नाही.

चवरे चौतीस दिवस राहिला. पहिले दहा दिवस तो जातो की राहतो असंच होतं. या सगळ्या दिवसांत कोंडाबाईनं माझ्याशी कामापुरतं गोड बोलणं ठेवलं, चहा आणला तर मलाही अर्धा कप देऊ केला. पण मी चार्ट हातात घेतला की तिचा हात पदराखाली जायचाच. माझ्याच वेळेला नाही, सगळ्यांच्या. हौसाबाई आता तिच्या बाजूची झाली होती. "मोजा शिस्टर, बाई बगतीया," म्हणून ती मलाच दम भरायची.

घरी जायच्या दिवशी सकाळी निवृत्ती चवरे कॉटवर बसला होता. सदरा हाडांवर लोंबत होता, पण पाय खाली सोडून चपला शोधत होता. मुलगा बैलगाडी घेऊन फाटकाशी आला होता. मी शेवटच्या नोंदी करायला गेले. ताप घेतला, नाडी घेतली. मग त्याला म्हणाले, "निवृत्तीमामा, जरा गप बसा मिनिटभर." मनगट वर धरलं. समोर कोंडाबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पदराची गाठ सोडली.

मिनिट झालं.

"अठरा," मी म्हणाले आणि लिहायला पेन टेकवलं.

"थांबा," ती म्हणाली. तिनं मूठ उघडून दाणे तळहातावर पसरले, एकेक सरकवत मोजले. "इसाला येक कमी हाय. मधी ह्ये खोकलं तवा तुमची नजर हलली."

"एखादा इकडे तिकडे चालतो मावशी. अठरा काय, एकोणीस काय."

तिनं दाणे गोळा करून पुन्हा मुठीत घेतले, डावा हात नवऱ्याच्या छातीवर ठेवला आणि माझ्या पेनाकडे बघत राहिली. फाटकाशी बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, मुलगा दोनदा हाक मारून गेला होता.

मी पेन खिशाला लावलं आणि मनगट पुन्हा डोळ्यांसमोर धरलं.

"बारीक काटा बारावर येऊ दे," ती म्हणाली. "मंग दोगी संगं मोजू."